बोगद्यापेक्षा लांब गाडी

१

रविवारी सकाळी दादाच्या चष्म्याच्या दुकानाचं शटर अर्धंच वर असायचं. गिऱ्हाइकांना बंद, आम्हाला उघडं. आम्ही वाकून आत शिरायचो, काउंटरमागचा लाकडी जिना चढायचो आणि वरच्या खोलीच्या दाराशी चपला काढायचो. चपलांचा नियम दादाचा. चपलांबरोबर धूळ येते, धूळ रुळांवर बसते आणि इंजिन अडखळतं, असं तो प्रत्येक वेळी सांगायचा, जणू आम्ही पहिल्यांदाच आलोय.

खोली आमच्या रेल्वेनं भरलेली होती. कमरेइतक्या उंचीवर प्लायवूडच्या फळ्या भिंतीपासून भिंतीपर्यंत, त्यावर दोन फेरे घेणारा लोहमार्ग, एक स्टेशन, एक मालधक्का, एक फाटक आणि फाटकापलीकडे पेटणाऱ्या दिव्यांची छोटी गल्ली. मधोमध उभं राहायला जागा. तिथे जायचं तर फळीखालून रांगत जावं लागे, आणि चार प्रौढ माणसं रांगताना पाहून माझी बायको एकदा जिन्यावरूनच परत गेली होती. घरातला गळका नळ तुमच्यानं बंद होत नाही आणि इथे आख्खी रेल्वे चालवता, असं तिचं म्हणणं.

आम्ही चौघं. दादा माझा सख्खा मोठा भाऊ. वहिनी गेल्यापासून एकटा, जिभेला धार, पण खेळ मुळात त्याचाच. मास्तर शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेले. झाडं, घरं, माणसं त्यांच्या हातची. ताई नाक्यावरची बेकरी चालवायच्या. त्या आमच्या कुणाच्याच बहीण नव्हत्या, पण सगळी गल्ली त्यांना ताईच म्हणायची. येताना तुटक्या बिस्किटांची पिशवी आणायच्या आणि गाडी वेगानं सोडल्याबद्दल दादाकडून बोलणी खायच्या. मी लिफ्टची देखभाल करणाऱ्या कंपनीत आहे. वायरी आणि दिवे माझ्याकडे.

या खेळातलं खरं सुख गाडी चालवण्यात नसतं. हनुवटी फळीच्या कडेला टेकवायची, एक डोळा मिटायचा आणि थांबायचं. थोड्या वेळानं डिंक दिसेनासा होतो, रंगाचे फटकारे दिसेनासे होतात, आणि फलाट खरा होतो. मग तिथे कुणी वाट बघत उभं असेल तर आपल्यालाही उशीर झाल्यासारखं वाटायला लागतं.

मास्तरांनी आमच्या चौघांच्याही बाहुल्या केल्या होत्या, करंगळीच्या नखाएवढ्या. ताईंचा पिवळा एप्रन, दादाचा केसाएवढ्या तारेचा चष्मा, माझी हत्यारांची पिशवी, त्यांची स्वतःची छत्री. इंजिनामागच्या पहिल्याच डब्यात, एकेका खिडकीशी एकेक. गाडी समोरून गेली की आम्ही आम्हालाच जाताना बघायचो आणि हसायचो.

२

डोंगर करायची कल्पना दादाची. सपाट मुलखात गाडी किती वेळ बघायची, तो म्हणाला. मास्तरांनी तारेच्या जाळीचा सांगाडा केला, खळीत भिजवलेले वर्तमानपत्राचे तुकडे त्यावर चिकटवले, वरून प्लॅस्टर. ताईंनी लाकडाचा भुसा हिरवा रंगवून गवत पेरलं. रूळ डोंगरातून आरपार जात होता.

बोगदा केवढा, ते मला नेमकं माहीत होतं, कारण दिव्याची वायर मीच आत सरकवली होती. एका तोंडातून हात घातला की माझी बोटं दुसऱ्या तोंडातून बाहेर येत. आणि गाडी दादानं मुद्दाम लांबलचक जोडलेली. इंजिन पलीकडून बाहेर पडायचं तेव्हा निम्मे डबे अजून अलीकडेच असायचे. डोंगराच्या दोन्ही बाजूंना एकाच वेळी गाडी दिसे. डोंगरानं गाडी तोंडात धरलीय, असं ताई म्हणायच्या.

त्या रविवारी मी स्टेशनाच्या दिव्यात डोकं घालून बसलो होतो. कान गाडीकडे होते. मला कामामुळे ती सवयच आहे. लिफ्टच्या खोलीत बसून मी आवाजावरूनच सांगू शकतो की पेटी कुठल्या मजल्यावर आहे. रुळांच्या सांध्यांवरून जाताना चाकं टकटक करत होती, आणि ती टकटक थांबली.

मी वर बघितलं. शेवटच्या डब्याचा लाल दिवा बोगद्यात शिरत होता. तो शिरला. मी पलीकडच्या तोंडाकडे बघितलं. इंजिन बाहेर आलेलं नव्हतं.

आख्खी गाडी डोंगराच्या पोटात होती, आणि डोंगरात तेवढी जागा नव्हती.

मग टकटक आली, आधी लांबून, मग जवळून, आणि इंजिन निमूट बाहेर पडलं. मागे डबे. सगळे होते.

मी इतरांकडे पाहिलं. दादा कपातल्या चहाकडे बघत होता. मास्तर कोरडाच ब्रश फडक्याला पुसत होते. ताई एप्रनवरचा चुरा वेचत होत्या. कुणी काही बोललं नाही. मला खटकलं ते हेच. एरवी एखादा डबा जरा हिंदकळला तरी तिघं एकदम बोलायचे.

३

कुठेतरी पाणी मुरतंय हे मी त्याच क्षणी ओळखलं. पण माझा संशय सरळसाधा होता. या तिघांनी मिळून माझी फिरकी घ्यायचं ठरवलंय. मास्तरांनी डोंगरात काहीतरी करामत केली असणार, रुळाला आत वळसा दिला असणार, आणि मी कधी विचारतो याची वाट बघत सगळे गप्प बसले असणार.

पुढच्या रविवारी मी जरा लवकर गेलो. डोंगराखाली फळीला एक झडप ठेवलेली होती, आत गाडी घसरली तर हात घालता यावा म्हणून. मी फळीखाली पाठीवर झोपलो, झडप उघडली, बॅटरी लावली. रूळ सरळ होता. आतून जाळी, वर्तमानपत्रं, प्लॅस्टर. एका तुकड्यावर जुन्या पंख्याची जाहिरात उलटी दिसत होती. वळसा नाही, करामत नाही. हात फिरवला. सगळं कोरडं होतं आणि बेताचं होतं.

बाहेर आलो तर दादा दारात उभा. काय शोधतोस, त्यानं विचारलं. मी सांगितलं. तो म्हणाला, डोळे तपासून घे, भावाला सवलत नाही. त्याच्या नेहमीच्या टोमण्यांइतकाच तो टोमणा होता, पण बोलताना त्यानं माझ्याकडे पाहिलं नाही.

त्यानंतर मी गाडीपेक्षा माणसांवरच जास्त लक्ष ठेवू लागलो. मास्तर आता डोंगराकडे पाठ करून बसत. ताई बिस्किटांची पिशवी डोंगराच्या बाजूला ठेवत नसत. गाडी आत शिरायच्या वेळी दोघंही काहीतरी बोलायला सुरुवात करत, जरा मोठ्यानं. आणि आत गाडी पूर्ण गडप होत होती, दर फेरीला. सगळ्यांना दिसत होतं. घरात कुणाचं दुखणं असावं आणि पाहुण्यांसमोर कुणी ते बोलू नये, तसं आम्ही वागत होतो.

दादा मात्र गाडी दुसऱ्या फेऱ्यावर घालतच नव्हता. सारखी डोंगरातूनच. आणि आणखी एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. डबे जोडताना तो जोडणीच्या आकड्यांकडे बघत नव्हता. बोटांनी चाचपत होता.

४

एका रविवारी गाडी बाहेर पडली आणि पहिल्या डब्यातली एक खिडकी रिकामी होती. पिवळा एप्रन नव्हता.

आम्ही गाडी थांबवली. डब्याचं छत काढलं. बाहुली चिकटवली होती तिथे डिंकाचा ठिपका तेवढा राहिला होता. झडपेतून बघितलं, रुळांमध्ये बघितलं, फरशीवर गुडघे टेकून बघितलं. ताई स्वतः तिथे होत्याच, आमच्याबरोबर शोधत होत्या. शेवटी त्या हसून म्हणाल्या, "मी उतरले वाटतं मधल्या स्टेशनावर."

मधलं स्टेशन आमच्या रेल्वेत नव्हतंच.

पुढच्या रविवारी त्या सगळ्यांच्या आधी आल्या होत्या. बिस्किटं आणली नव्हती. त्यांच्याजवळ जाऊन मी नमस्कार केला, आणि त्यांनी जे केलं ते मला आजही जसंच्या तसं दिसतं. त्या किंचित वाकल्या, एक डोळा मिटला आणि माझ्याकडे बघत राहिल्या. आम्ही फलाटाकडे बघतो तशा. मग माझ्या शर्टाच्या बाहीची शिवण नखानं हळूच उचलून पाहिली.

"किती बारीक काम आहे," त्या म्हणाल्या.

मला वाटलं, थट्टा चाललीय. पण त्या पडद्याकडे गेल्या, पडद्याची वीण बघितली. खिडकीच्या गजावरचा गंज बघितला. जिन्याच्या कठड्यावर कुणीतरी कधीतरी कोरलेली रेघ बोटानं गिरवली. चेहऱ्यावर निव्वळ आनंद होता. रेल्वेकडे मात्र एकदाही बघितलं नाही.

दादानं गाडी सोडली. ती डोंगरात गेली, आपला वेळ घेऊन बाहेर आली, आणि पहिल्या डब्याच्या खिडकीत पिवळा एप्रन होता.

मी गाडी थांबवून ती बाहुली चिमट्यानं उचलली आणि दादाचं भिंग घेऊन बघितली. मास्तरांनी चेहऱ्यासाठी ब्रशचे दोन ठिपके दिले होते, ते देताना मी पाहिलं होतं. आता तिथे चेहरा होता. मनगटावर भट्टीच्या पत्र्यानं भाजल्याचा तपकिरी डाग होता, ताईंना होता तसा. तोंड उघडं होतं.

मी मास्तरांना विचारलं की हे तुम्ही पुन्हा रंगवलंत का. त्यांनी भिंग घेतलं, बघितलं, भिंग खाली ठेवलं. मग डब्यातून आपली छत्रीवाली बाहुली नखानं खरवडून काढली, खिशात घातली, आणि चपला हातात घेऊनच जिना उतरले. ते पुन्हा आले नाहीत.

५

बायकोला सांगितलं. तिनं भाजी निवडता निवडता सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, की ताईंशी ती कालच बोलली. बेकरीत पाव घ्यायला गेली होती. ताईंचा खांदा कित्येक वर्षं दुखायचा, तो थांबलाय. उधारीवाल्यांवर खेकसत नाहीत, पोरांशी हसून बोलतात. "एखादं माणूस सुखात दिसलं की तुमच्या मनात पाल चुकचुकते," ती म्हणाली. "सदा आपली कुठली तार तुटलीय ते शोधत असता."

तिचं खोटं नव्हतं. मी स्वतः बेकरीत गेलो. ताईंनी मला ओळखलं, बायकोची चौकशी केली, आमच्या घरातल्या गळक्या नळाचीसुद्धा केली. एकही शब्द चुकला नाही. पाव बांधून देताना त्यांनी सुतळीला गाठ मारली आणि ती गाठ त्या बघत बसल्या. मागचं गिऱ्हाईक खाकरलं तरी त्यांची नजर हलली नाही.

तिथून मी मास्तरांकडे गेलो. त्यांनी मला आत घेतलं, पण बसा म्हणाले नाहीत. मी विचारलं, डोंगरात काय केलंत. मग त्यांनी सांगितलं की डोंगर पुरा झाल्यावर बोगदा आतून काळा करायचा राहिला होता. त्यांनी लांब दांड्याचा ब्रश आत घातला, आणि तो कशालाच लागला नाही. वर नाही, बाजूला नाही. ब्रश काढला तर रंग जसाच्या तसा ओला. त्यांना वाटलं वय झालं, हाताचा अंदाज चुकला.

"डोंगर मी केला," ते म्हणाले. "बोगद्याचं मला माहीत नाही. तुम्हा दोघा भावांच्या बाहुल्या आधी काढून घ्या."

६

काढून घेणं सोपं होतं. पुढच्या रविवारी दादा खाली चहा करत होता तेवढ्यात मी दोन्ही बाहुल्या खरवडल्या, काडेपेटीत घातल्या आणि पेटी खिशात टाकली.

वर आल्यावर त्यानं डब्यावरून बोट फिरवलं आणि त्याला कळलं. मला वाटलं होतं की तो चिडेल. तो स्टुलावर बसला आणि त्यानं चष्मा काढून मांडीवर ठेवला. चष्म्याशिवायचा त्याचा चेहरा मी लहानपणानंतर कधी नीट बघितलाच नव्हता.

"धाकट्या, माझी बाहुली दे," तो म्हणाला.

मी नाही म्हणालो. मग तो बोलला. त्याचे डोळे चाललेत. मधोमध एक डाग आहे आणि तो पसरतोय. लोकांना समोरच्या तक्त्यावरची अक्षरं वाचायला सांगतो, ती त्याला स्वतःला आता दिसत नाहीत, पाठ आहेत म्हणून भागतं. मोठ्या डॉक्टरांनी हात टेकले. ताईंना त्यानं विचारलं होतं, आडून आडून. त्यांनी एवढंच सांगितलं की सगळं लख्ख आहे.

मी म्हणालो, त्या बाई ताई नाहीतच. आवाज चढला असावा, कारण तो शांत झाला.

"कशावरून?" त्यानं विचारलं.

बाहीची शिवण बघितली म्हणून? सुतळीची गाठ बघितली म्हणून? मी सांगितलं की डोळ्यांसाठी आपण दुसरीकडे जाऊ, आणखी मोठ्या डॉक्टरकडे, मी रजा काढतो. तो हो म्हणाला. फारच चटकन हो म्हणाला. तेव्हाच मला शंका यायला हवी होती, पण सख्ख्या भावावर किती नजर ठेवणार. काडेपेटी मी घरी कपाटात, सदऱ्यांच्या खाली ठेवली.

मंगळवारी दुपारी कामावरून फोन केला तेव्हा बायको सहज म्हणाली की भाऊजी येऊन गेले. तुमच्याकडे त्यांची काडेपेटी राहिलीय म्हणाले. तिनं शोधून दिली. मोठ्या दिराला काडेपेटी नाही म्हणायला तिला कारणच काय होतं.

७

शटर अर्धं वर होतं. जिन्यात असतानाच मला गाडी ऐकू आली, आणि मी वरच्या पायरीवर पोचायच्या आत ती ऐकू यायची थांबली.

खोलीत दुपारचं ऊन होतं. दादा मधल्या मोकळ्या जागेत स्टुलावर बसलेला, हात वेगाच्या खटक्यावर, मान छातीवर पडलेली. मी हाक मारली. श्वास चालू होता. खांदा हलवला तर झोपेतल्या माणसासारखा हलला आणि परत तसाच. चष्मा घडी घालून फळीवर ठेवला होता. शेजारी काडेपेटी. ती उघडली. माझी बाहुली आत होती. त्यानं फक्त स्वतःचीच घेतली होती.

गाडी कुठेच नव्हती.

मी प्लग उपटला. गल्लीतले दिवे विझले, स्टेशन विझलं. फळीखाली शिरून झडप उघडली आणि हात आत घातला. रूळ. जाळी. वर्तमानपत्र. या तोंडापासून त्या तोंडापर्यंत हात फिरवला आणि बोटांना एक डबासुद्धा लागला नाही.

मी बाहेर आलो, बोगद्याच्या तोंडापाशी हनुवटी फळीवर टेकवली. एक डोळा मिटला. हे करायला नको होतं हे मला तेव्हाही ठाऊक होतं. पण आत माझा भाऊ असेल तर काय, हा विचार माझ्या डोक्यात आला होता, आणि इतका वेडगळ विचार एकदा आला की तो तपासल्याशिवाय जात नाही.

पलीकडच्या तोंडातून खिडकीचा उजेड दिसायला हवा होता. तो दिसला, पण फार लांब, सुईच्या नेढ्याएवढा. त्याच्या आणि माझ्यामध्ये एक लाल दिवा लांब लांब जात होता. दिव्याच्या बाजूला फलाटासारखी एक कड होती. कडेवर कुणीतरी उतरलं होतं आणि उभं होतं. सदऱ्याच्या टोकानं काहीतरी पुसत होतं, चष्मा पुसतात तसं, घाबरलेला माणूस हाताला चाळा म्हणून पुसतो तसं. मी हाक मारायला तोंड उघडलं.

तेवढ्यात लांबचा उजेड गेला. दिवा मालवल्यासारखा नाही. पलीकडून कुणीतरी वाकून तोंडाशी डोळा लावला की जातो तसा.

मी मागे कोसळलो. आणि प्लग उपटलेला असताना, रुळांत वीज नसताना, टकटक सुरू झाली. ती वाढत आली, इंजिन बाहेर आलं, डबे आले, आणि गाडी आपल्या जागी येऊन थांबली. दादाच्या खिडकीत कुणी नव्हतं.

माझ्यामागे स्टूल करकरलं. मी वळलो.

"धाकट्या," दादाचा आवाज आला, मोकळा, तरणा. "तुझ्या डाव्या भुवईत एक पांढरा केस आहे. कधीपासून?"

तो मधल्या जागेच्या पार दुसऱ्या टोकाला, स्टुलावर होता. चष्मा फळीवरच पडलेला होता.

मी दाराआड ठेवलेला शटर ओढायचा लोखंडी आकडा घेतला आणि डोंगर फोडला. प्लॅस्टर फुटलं, जाळी वाकली, पंख्याच्या जाहिरातीचा तुकडा हवेत उडाला. रूळ उखडून निघेपर्यंत मी मारत राहिलो. त्यानं मला अडवलं नाही. तो जवळ येऊन धूळ खाली बसताना बघत उभा होता, एकेक कण.

८

आता रेल्वे नाही. फळ्या काढल्या, खोलीत दादानं चष्म्यांचं सामान ठेवलंय. त्याच्या डोळ्यांतला डाग गेला. मोठे डॉक्टर म्हणाले, असं क्वचित होतं, आमचंच निदान चुकलं असेल. मास्तर गाव सोडून मुलीकडे राहायला गेले, जाताना भेटले नाहीत. ताई आणि दादा कधीकधी बेकरीसमोर उभे असतात. बोलत नाहीत, रस्ता बघत असतात.

रविवारी सकाळी तो आता आमच्याकडे येतो. बायकोला तो आवडायला लागलाय. पूर्वी तो तिच्या हातच्या प्रत्येक पदार्थाला नावं ठेवायचा. आता नवीन पडद्यांचं कौतुक करतो, ताटाच्या काठावरची नक्षी तिला दाखवतो, जी तिनं स्वतः इतक्या वर्षांत पाहिली नव्हती. त्यानंच आमचा नळ दुरुस्त केला.

मी त्याला खूप प्रश्न विचारले, बोलता बोलता, साधून. शाळेत जाताना आपण कुठून उडी मारायचो. वडिलांनी कशाबद्दल मारलं होतं. आजारपणात आई काय गुणगुणायची. त्यानं सगळी उत्तरं दिली आणि ती सगळी बरोबर होती. वडिलांच्या सदऱ्याचं कुठलं बटण तुटलेलं होतं तेसुद्धा त्यानं सांगितलं. ते मला आठवत नव्हतं, त्यानं सांगितल्यावर आठवलं. बायको म्हणते, आता तरी पुरे करा. मीही ठरवलं होतं पुरे करायचं. भाऊ बरा झाला, हसतो, घरी येतो, आणखी काय हवं असतं माणसाला. पण एक गोष्ट डोक्यातून जात नव्हती. ताईंची बाहुली परत यायला मध्ये एक आठवडा गेला होता. आणि मी डोंगर त्याच दुपारी फोडला होता.

परवाच्या रविवारी आम्ही दोघं जेवणाच्या टेबलाशी बसलो होतो. बायको आत चहा करत होती. ऊन टेबलावर आलं होतं आणि तो उन्हात हात धरून आपल्याच बोटांवरच्या रेषा बघत होता. मी काहीही ठरवलेलं नव्हतं. तोंडातून गेलं.

"माझा दादा कुठे आहे?" मी विचारलं.

त्याला राग आला नाही. नवलही वाटलं नाही. कुणी पत्ता विचारावा आणि आपण जरा आठवून सांगावा, तसा तो थांबला.

"बरा आहे तो," तो म्हणाला. "तू डोंगर फोडलास ना, तेव्हा मात्र फार घाबरला. खूप हाका मारल्या त्यानं तुला. आता नाही मारत."

बायको चहाचा ट्रे घेऊन आली. आम्ही दोघं इतके गप्प का, कशावर चाललं होतं बोलणं, तिनं विचारलं.

"काही नाही," आम्ही दोघं एकदमच म्हणालो, आणि मी हात पुढे करून कप घेतला.